काळी गाडी आणि कोरडा फडका



कळमनुरीच्या एका भगिनीचे दोन पानी पत्र आले आहे. त्यांचे पती गवंडीकाम करतात. काम आज हिंगोलीला, उद्या आखाडा बाळापूरला, तर कधी वारंगा फाट्याकडे, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी हप्त्याने काळ्या रंगाची मोटारसायकल घेतली. हप्ते अजून चालू आहेत. बारावीत शिकणारा मुलगा रोज सकाळी, वडील निघायच्या आधी, गाडी पुसून उभी करतो. एकही दिवस चुकवत नाही. तरीही ताई लिहितात की, शेजारच्यांनी त्याच महिन्यात घेतलेली गाडी आमच्या गाडीपेक्षा नवी दिसते, आणि शेजारी तर आठ-आठ दिवस गाडीला हात लावत नाहीत. आमच्या टाकीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसतात. रंग काळा न राहता राखेसारखा झाला आहे. वडील मुलावर चिडतात की, तू नीट पुसत नाहीस. मग मुलगा आणखी जोर लावून पुसतो. आता कोणी सांगितले की, सगळा रंगच नवा मारून घ्या. त्याला पैसे कोठून आणायचे?

हे पत्र वाचून कोणी म्हणेल, रेघाच आहेत, गाडी धावते ना? परंतु हातावर पोट असणाऱ्या घरात, राहते घर सोडले तर, सर्वांत महागाची वस्तू बहुधा गाडीच असते. अडीनडीला, मुलीच्या शिक्षणाला किंवा दवाखान्याला ती विकावी लागते. घेणारा गिऱ्हाईक इंजिनचा आवाज नंतर ऐकतो. आधी तो टाकीवरून हात फिरवतो आणि तेथेच मनातल्या मनात काही हजार कमी करतो. शिवाय त्या घरात बाप-लेकांत रोज सकाळी जी धुसफूस चालली आहे तिची किंमत वेगळीच.

तर ताई, आधी मुलाला शाबासकी द्या आणि मग त्याच्या हातातला कोरडा फडका काढून घ्या. गाडीचा रंग त्या पुसण्यानेच गेला आहे.

हे कसे होते ते समजून घेऊ. आजकालच्या गाड्यांवर रंगाचे एकावर एक थर असतात. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सर्वांत वर काचेसारखे पारदर्शक लॅकर. चकाकी असते ती या लॅकरची. त्याची जाडी साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या बहुतेक केसांपेक्षाही पातळ. आणि ते लॅकर म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिकच.

आता धुळीकडे वळू. आपली काळी माती नुसती असती तर एवढा घोळ झाला नसता, ती चिकण आणि बारीक असते. पण रस्त्यावरची धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, कळमनुरी करीत नांदेडला जाणाऱ्या १६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावरून रोज किती खडी, किती मुरूम, किती वाळूचे टिप्पर जातात ते तेथील लोकांना सांगायला नको. त्या धुळीत खडीची भुकटी असते आणि गारेचे कण असतात. कोणती वस्तू कोणत्या वस्तूला ओरखडा काढते, यावरून फ्रेडरिक मोज नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांची उतरंड लावली. हिऱ्याला दहा आकडा, शंखजिऱ्याला एक. गारेचा आकडा सात येतो. आपल्या बोटाचे नख अडीचच्या आसपास, चाकूचे पाते साडेपाचच्या आसपास. म्हणजे गारेचा कण चाकूच्या पात्यावरही चरा पाडू शकतो. मग केसाहून पातळ प्लास्टिकची काय कथा? धूळ गाडीवर नुसती बसून असते तेव्हा ती काही करत नाही. तिच्यावर कोरडा फडका दाबून आपण गोल गोल हात फिरवतो तेव्हा त्या फडक्याचा पॉलिश पेपर होतो. रोज एकदा म्हटले तरी दोन वर्षांत सातशे वेळा त्या टाकीवर पॉलिश पेपर फिरला. शेजाऱ्यांची गाडी नवी दिसते, कारण ते आळशी आहेत! या एका बाबतीत त्यांचा आळस त्यांना फळला.

हेच सगळे पांढऱ्या गाडीवरही घडते, पण तेथे दिसत नाही. पांढरा रंग स्वतःच उजेड चहूकडे फेकतो, त्यात रेघेचा उजेड मिसळून जातो. काळा रंग उजेड गिळतो. त्या गिळलेल्या अंधारावर रेघेच्या कडेवरून परतलेला प्रकाश पांढरा दोरा ओढल्यासारखा चमकतो. म्हणून काळ्या गाडीला चहाडखोर म्हणतात ते खोटे नाही. ज्यांनी अजून गाडी घ्यायची आहे आणि जे धुळीच्या रस्त्यावर राहतात, त्यांनी रंग निवडताना हा विचार जरूर करावा. एरवी काळा रंग कष्टकऱ्यांच्या वाहनांचा जुना सोबती आहे. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या कारखान्याची मॉडेल टी मोटार १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगातच मिळे, कारण तो रंग स्वस्त आणि टिकाऊ पडे. मुंबईची काळी-पिवळी तर आपल्या सर्वांच्या ओळखीची. आपल्याकडे रिक्षाही काळीच आणि खेड्यापाड्यांतून माणसे भरून नेणाऱ्या जीपगाडीचे नावच काळी-पिवळी पडले.

जुनी ड्रायव्हर मंडळी म्हणतील, आम्ही आयुष्यभर फडक्याने गाडी घासली, तेव्हा कुठे रेघा पडल्या? त्यांचे म्हणणे त्या काळापुरते बरोबर आहे. मुंबईत प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. त्या पिढीच्या गाड्यांचा रंग बहुधा एकजीव असे, वर वेगळे लॅकर नसे. घासले की वरचा मेलेला थर निघे आणि खालून ताजा काळा रंग वर येई. म्हणून घासणे म्हणजे चमकवणे, ही समजूत हातांत बसली. रंग बदलला तरी हात तेच राहिले. तुमच्या गाडीवर कोणता रंग आहे हे ओळखण्याची सोपी खूण अशी की, स्वच्छ धुतलेल्या जागी पांढऱ्या कापडाला थोडे पॉलिश लावून हलके घासावे. कापडावर काळा रंग उतरला तर वर लॅकर नाही. रस्त्यावरच्या पेंटरकडून पुन्हा रंगवलेल्या जुन्या रिक्षांत असे पुष्कळदा आढळते. कापड पांढरेच राहिले तर लॅकर आहे, आणि ते जपून वापरायचे भांडवल आहे असे समजा.

आता रोजचे काय करावे?

रोज काही करू नका. धूळ राहू द्या. ऐकायला विचित्र वाटेल, कारण आपल्या घरांतून स्वच्छतेचा संस्कार कसोशीने जपलेला आहे आणि मळकी गाडी दारात उभी ठेवणे कित्येकांना कमीपणाचे वाटते. परंतु धुळीने गाडी मळते, खराब होत नाही. आरसे, दिवे, नंबर प्लेट आणि सीट तेवढे पुसावे, ते सुरक्षिततेसाठी आणि कपड्यांसाठी लागतेच. टाकीला हात लावायचा तो पाण्याबरोबरच. अगदीच पाहुण्यांकडे जायचे असेल आणि धूळ विरळ असेल, तर फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि गाडीच्या शॅम्पूचे चार थेंब घालून टाकी चिंब करावी आणि मऊ कापड वजन न देता एकदाच पुढून मागे ओढावे. हिवाळ्यात सकाळी दव पडलेले असते, त्यावर फडका फिरवणे म्हणजे धुणे झाले असे काहीजण मानतात. एवढ्याशा ओलाव्याने धूळ वाहून जात नाही, तिचा चिखल होतो आणि तोच चोळला जातो.

आठवड्यातून एकदा धुवावी. पाण्याचा प्रश्न मला माहीत आहे. ज्या मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे नळी लावून गाडी धुण्याचा सल्ला मी देणार नाही. दोन बादल्या पुरतात, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी धुतली तरी बिघडत नाही. आणखी एक. घरातले पाणी बहुधा ताईच भरतात. तेव्हा गाडी धुण्याचे काम ज्याची गाडी त्याने किंवा मुलाने करावे, आणि त्या दिवशी त्या दोन बादल्याही त्यांनीच भराव्यात.

गाडी सावलीत उभी करावी आणि इंजिन थंड होऊ द्यावे. काळा पत्रा उन्हात चटका बसेल इतका तापतो. त्यावर साबणाचे पाणी टाकले तर ते पुसण्याआधीच वाळून डाग पडतात. पहिल्या बादलीतून तांब्याने वरून पाणी सोडावे आणि पाच मिनिटे थांबावे. धूळ भिजून सुटते. पुन्हा वरून पाणी सोडावे. अर्धी बादली येथेच खर्च करावी, हात न लावता जेवढी वाळू जाईल तेवढी तुमच्या फायद्याची. मग तांब्याभर पाण्यात थोडा शॅम्पू घेऊन मऊ कापडाने वरून खाली यावे. टाकी आधी, चाके आणि साखळी सर्वांत शेवटी, आणि त्यांचे कापड वेगळे. कापड दर दोन हातांनी दुसऱ्या बादलीत खळखळून काढावे. हात गोल फिरवू नये, सरळ रेषेत ओढावा. गोल रेघा कोठूनही पाहिल्या तरी चमकतात, सरळ रेघ एखाद्याच बाजूने दिसते.

कापड कोणते? मायक्रोफायबरचे कापड आता तालुक्याच्या गावीही मिळते आणि महाग नाही. ते नसेल तर जुन्या सुती बनियनचे, शिवण आणि पट्टी कापून टाकलेले, चालेल. जुन्या सुती साडीचा तुकडा घेतला तर काठ काढून टाका. कापड एकदा जमिनीवर पडले की धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नका. स्पंज टाळावा, त्याच्या छिद्रांत खडे अडकून बसतात. आणि कपड्यांची साबण पावडर वापरू नका. ती तेल-मेण काढण्यासाठी बनलेली असते. गाडीवरचे मेणही ती काढून नेते आणि न विरघळलेले दाणे घासले जातात ते वेगळेच. डिझेलच्या फडक्याने गाडी काळीभोर दिसते हे खरे, पण ती चमक तेलाची आहे. तासाभरात त्यावर दुप्पट धूळ चिकटते आणि रबर फुगून खराब होते.

शेवटी स्वच्छ पाणी सोडून लगेच टिपून घ्यावे. टिपून म्हणजे कापड पसरून दाबावे, चोळू नये. बोअरचे पाणी जड असते, त्याचा थेंब जागीच वाळला की क्षाराचे पांढरे कडे राहते आणि काळ्या रंगावर ते चुन्यासारखे दिसते. ताज्या कड्यावर निम्मे पाणी घातलेले व्हिनेगर लावून लगेच धुतले तर ते जाते. गाडी नदीवर किंवा ओढ्यावर नेऊन धुणारे बांधव असतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात मातीच असते, म्हणजे मातीने माती धुणे झाले. शिवाय गाडीचे तेल पाण्यात जाते आणि तेच पाणी पुढच्या गावची गुरे पितात.

वॉशिंग सेंटरवर जाणाऱ्यांनी पाण्याचा फवारा मारून घ्यावा, पण फडका आपला न्यावा. तेथे ट्रॅक्टरचा चिखल पुसलेले कापडच तुमच्या टाकीवर येते. फवारा अगदी जवळून बेअरिंगवर आणि वायरींवर मारू देऊ नका.

ताईंचे पती गवंडी आहेत म्हणून एक गोष्ट खास. सिमेंटचा शिंतोडा टाकीवर पडला तर तो ओला असतानाच पाण्याने काढावा. एकदा घट्ट झाला की त्याला थापी किंवा नख लावू नये, सिमेंटबरोबर लॅकरही निघते. व्हिनेगरात भिजवलेली चिंधी त्यावर काही मिनिटे ठेवावी, मऊ झाल्यावर धुवावे, लागल्यास पुन्हा ठेवावी. कामावर गाडी वाळूच्या ढिगाच्या वाऱ्याखाली लावू नये, वरच्या बाजूला लावावी. घमेले, ओळंबा, पाटा या वस्तू टाकीवर ठेवून न्यायची सवय असते. त्या पोत्यात बांधून मागे बांधाव्यात. पट्ट्याचे बक्कल आणि पँटची चेन टाकीच्या मागच्या टोकाला रोज घासते. तेथे पारदर्शक चिकट फिल्मचा हातभर तुकडा लावला की प्रश्न सुटतो.

रेक्झिनचे टाकी कव्हर मात्र मला पटत नाही. लोक रंग वाचवायला ते घालतात आणि वर्षाने काढतात तेव्हा खाली रंग पांढुरका झालेला असतो. कव्हरच्या आत धूळ शिरते, गाडीच्या थरथरीने ती दिवसभर घासत राहते आणि पावसाळ्यात ओल कोंडते. घालायचेच असेल तर दर आठवड्याला काढून खालून धुवावे. धुळीच्या गाडीवर अंगभर कव्हर टाकून वाऱ्यात उभी करणे हाही तोच प्रकार.

झाडाची सावली चांगली, पण आंब्याला मोहोर असताना त्याखाली गाडी लावली तर तुडतुड्यांच्या चिकट्याचे थेंब टाकीवर पडतात. पक्ष्यांची विष्ठा त्याहून वाईट. उन्हात लॅकर किंचित मऊ होते, विष्ठेतील आम्ल त्यावर बसते आणि तेथे कायमचा खड्डा उमटतो. ती खरडू नये. ओली चिंधी दहा मिनिटे ठेवून उचलून घ्यावी, आणि ते त्याच दिवशी करावे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत गाड्या सजवतात. हार अवश्य घाला, पण हाराच्या आतली तार पत्र्याला लागते. तारेऐवजी सुती दोऱ्याने बांधावा. निळीची पूड बसली असेल तर ती आधी पाण्याने वाहू द्यावी, कोरडी झटकू नये. हळदीचे डाग मात्र आपोआप जातात. वसमतच्या बाजारात हळदीची पोती वाहणाऱ्या रिक्षावाल्यांना हे ठाऊकच असेल, कारण हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही.

आता पॉलिश आणि मेण. दुकानदार दोन्हींना पॉलिशच म्हणतो, पण ती दोन वेगळी कामे आहेत. पॉलिश किंवा रबिंग कंपाऊंड लॅकरचा वरचा थर घासून काढते, त्यामुळे बारीक रेघा सपाट होऊन दिसेनाशा होतात. पण तेवढे लॅकर कमी झाले ते झालेच. मेण काही काढत नाही, वर पातळ पडदा बसवते. म्हणून ताईंनी एवढे करावे. चांगल्या पॉलिशवाल्याकडून, यंत्राने नको तर हाताने, एकदाच टाकीला हलके पॉलिश करून घ्यावे, त्यानंतर मेण लावावे. पुढे पॉलिशचे नावही काढू नये. मेण मात्र दर तीन महिन्यांनी लावावे, एक खेप पाऊस सुरू व्हायच्या आधी हमखास. बोटभर मेण पुरते. धुऊन वाळवलेल्या गाडीवर सावलीत पातळ लावावे, धूसर झाले की मऊ कापडाने काढावे. पाण्याचे गोल थेंब उभे राहतात तोवर मेण आहे असे समजा. मेणाने ओरखडा थांबत नाही हे ध्यानात असू द्या. कापड सरकायला गुळगुळीतपणा येतो आणि विष्ठा-चिकटा लगेच निघतो, एवढाच त्याचा गुण. सिरॅमिक कोटिंगचे सध्या बरेच नाव झाले आहे. ते मेणापेक्षा अधिक दिवस टिकते, पण कोरड्या फडक्यापुढे तेही हरते. हप्ते चालू असलेल्या मोटारसायकलवर तेवढे पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. दात घासायच्या पेस्टने रेघ जाते असे सांगतात. पेस्टमध्ये बारीक घासणारी भुकटी असते, म्हणून किरकोळ रेघ फिकी होते, पण काळ्या रंगावर तिचाच धूसर ठिपका राहतो. आणि ज्यांच्या गाडीचा काळा रंग मुळातच बिनचमकीचा, मॅट आहे, त्यांनी पॉलिश आणि मेण दोन्ही टाळावे. तेथे घासलेला भाग चमकू लागतो आणि पुन्हा पूर्ववत होत नाही.

सगळा रंग नवा मारावा का? नाही. आधी रेघ तपासा. रेघेवर पाणी लावल्यावर ती दिसेनाशी होत असेल आणि नख अडकत नसेल, तर ती लॅकरमध्येच आहे. वर सांगितलेले एक हलके पॉलिश तिला पुरे. नख अडकत असेल तर पॉलिशने ती जाणार नाही, उगाच आजूबाजूचे लॅकर झिजेल. कारखान्यात रंग भट्टीत तापवून पक्का केलेला असतो, ती बळकटी झाडाखाली मारलेल्या रंगाला येत नाही. नुसता पत्रा उघडा पडला असेल तेथे मात्र दिरंगाई नको. पावसाळ्यात उघड्या पत्र्याला लवकर गंज धरतो आणि तो रंगाखालून पसरत जातो. तेवढ्याच जागी बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने गंज काढावा, जागा पूर्ण वाळू द्यावी, काडीला कापूस गुंडाळून प्रायमरचा ठिपका द्यावा, तो सुकल्यावर टचअपचा काळा रंग दोन पातळ हातांत लावावा. रंग जाड थेंबासारखा एकदम सोडू नये, तो वरून वाळतो आणि आत ओला राहतो. काम कोरड्या दिवशी सकाळी करावे आणि आठवडाभर त्या जागी कापड लावू नये.